मालकाची सही

॥ श्री ॥

मु. वरची वाडी, पो. युसूफ वडगाव, ता. केज
सोमवार, वैशाख वद्य ५, शके १९०९
(तुमच्या कार्यालयाच्या सोयीसाठी : १८ मे १९८७)

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा, गहिनीनाथचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळे ठीक. ठीक म्हणजे दुष्काळात माणसानं जितकं ठीक असावं तितकं. खाली वडगावात तुम्ही, आक्का आणि मुलं सुखात असाल असं धरून चालतो.

तुमचं पत्र पावलं. साडेचार वर्षांनी आलेलं, म्हणून आधी नुसतंच उलटंसुलटं करून पाहिलं. वर दूध संस्थेचा शिक्का, खाली अध्यक्षांची सही, कोपऱ्यात जावक क्रमांक २१४. दाजी, सासुरवाडीच्या पत्राला जावक क्रमांक घालणारा जावई अख्ख्या जिल्ह्यात तुम्ही एकटेच असाल. मीही आवक क्रमांक घालणार होतो, पण आमच्याकडं आवक ती एवढीच, म्हणून राहू दिलं.

शाळेला सुट्टी लागली आहे. टँकर दिवसाआड येतो. येतो म्हणतात त्या दिवशी येत नाही, एवढा नियम मात्र कटाक्षानं पाळतो. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायला मी शिकलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा नवा अभ्यासक्रम लागला, आणि यात व्याकरण अजिबात नाही, त्यामुळं मन रमत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिता, 'सदर भागातील जुन्या लाल कंधारी वंशाच्या गाईंची नोंद असलेली आपली वही, तसेच त्या वंशाचा एखादा वळू अस्तित्वात असल्यास त्याची माहिती, संस्थेस मिळावी.' एवढं शुद्ध वाक्य तुमचं नव्हे. सचिव सुग्रीवचं असणार. सुग्रीवला मराठी मीच शिकवलं, तेव्हा तेवढं श्रेय इकडं वळतं करून घेतो. पण 'अस्तित्वात असल्यास' हे दोन शब्द तुमचेच. ते लिहिताना हात थोडा अडला असेल. अडला असावा अशी आशा आहे.

तुमच्या संस्थेचे नवे डॉक्टर राधाकिशन गेल्या आठवड्यात ओट्यावर बसून गेले. भला माणूस. पाचही वाड्या पायी फिरून आले होते. संस्थेनं आणलेल्या एकतीस संकरित गाईंपैकी नऊ उरल्या, बाकीच्या विकल्या, मेल्या किंवा छावणीत आहेत, असं म्हणाले. कॅनमध्ये जे काही दूध पडतंय ते लाल गाईंचं, आणि त्या लाल गाईंमध्ये निम्म्याहून जास्त एकाच बापाच्या लेकी. कडबा संपल्यावर त्या छपराचं गवत खातात, बाभळीच्या शेंगा खातात, अडीच-तीन शेर दूध देतात आणि वर्षाच्या वर्षाला वितात. डॉक्टरांना मोठं नवल वाटलं.

"मास्तर," ते म्हणाले, "वळू दिसायला कसा आहे याला अर्थ नाही. वळूची परीक्षा त्याच्या लेकी देतात. अन् लेकींचा निकाल लागेपर्यंत वळू म्हातारा होतो. म्हणून तर जुना, पारखलेला वळू लाखात एक."

मी म्हणालो, आमच्या वळूला म्हातारं होऊ दिलं असतं तर बरं झालं असतं. ते बिचारे टँकरचं विचारू लागले. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

खोटं कशाला बोलू, तुमच्या गाईंनी चांगल्या पावसाच्या सालात बारा-बारा शेर दूध दिलं. त्या ट्रकमधून उतरल्या तेव्हा आक्का ओवाळायला गेली आणि पहिलीच गाय निरांजनाला बिचकून बँडवाल्यांत शिरली, हे वाडी अजून सांगते. तिच्यासाठी तुम्ही गोठ्यात पंखा लावलात. तोवर गावात मारुतीलाही पंखा नव्हता. वीज गेली की तुम्ही स्वतः सूप घेऊन तिला वारा घालायचात, हेही मी ऐकून आहे. यात मी हसतो ते तुम्हाला, गाईला नव्हे. ती बिचारी तिच्या देशात गुणाचीच होती. तिच्या बापजाद्यांच्या वह्या तिथल्या लोकांनी शंभर वर्षं जपल्या, कोणत्या वळूच्या लेकी कशा निघाल्या ते पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवलं. आपण त्यांची वही विकत आणली आणि आपली फाडली.

तर वहीबद्दल. माझ्या वहीला वाळवी लागली. वळूबद्दल म्हणाल तर त्या वंशाचा वळू आता नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आक्काला नमस्कार. कळावे.

गहिनीनाथ

———

मंगळवार, सकाळ

दाजी,

कालचं पत्र पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं, आणि पोस्टमन आला तेव्हा त्याला म्हणालो, उद्या ये. आज फोडलं. कालच्या मजकुरात दोन गोष्टी खोट्या आहेत. वहीला वाळवी लागलेली नाही, ही एक. दुसरी जरा वेळानं सांगतो. तिच्यापर्यंत मला चालत जावं लागेल.

तुम्हाला यातलं पुष्कळसं ठाऊक आहे, तरी क्रमानं लिहितो. कागदावर एकदा नीट असावं.

बहात्तरच्या दुष्काळात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी आणि तुमच्या सासऱ्यांनी, दावणीची सात जनावरं सोडून दिली आणि एक गाय ठेवली. गुंजी. तुम्ही समजूत घालायला आला होतात. "मामा, ठेवायची तर जास्त दुधाची ठेवा," म्हणालात. अण्णांनी ऐकलं नाही. छपराचं गवत उपसून तिला घातलं. घरातून आम्हाला चांदण्या दिसायच्या. मी पैठणच्या पाठशाळेतून शिकून आलेला, विचारलं, हिच्यात असं काय आहे? अण्णा म्हणाले, "गाय काय बघतो बे? गाईची आजी बघ." त्या आजीनं मोगलाईतला एक दुष्काळ काढला होता, आईनं पुढचा काढला. अण्णांना अक्षरओळख नव्हती, पण त्या गाईच्या सहा पिढ्या ते कीर्तनातल्या आख्यानासारख्या सांगायचे.

शहात्तर साली अण्णा गेले. वर्षश्राद्धाला मी शिकलेली सगळी विद्या पणाला लावून वृषोत्सर्ग केला. आपल्या कुणब्याच्या घरात तो विधी कुणी पाहिलेला नव्हता. गुंजीचा दोन वर्षांचा गोऱ्हा, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखा. त्याच्या मांडीवर त्रिशूळाचा डाग दिला, हातावरून पाणी सोडलं आणि 'इदं न मम' म्हणालो. हे माझं नाही. गेलेल्याच्या नावानं वळू मोकळा सोडायचा, त्यावर पुन्हा कुणाची मालकी नाही, त्याला जुंपायचं नाही, विकायचं नाही. तो साऱ्या गावाचा. तुम्ही शेजारी उभे होतात. डाग देताना त्याची वेसण तुमच्याच हातात होती.

वाडीनं त्याचं नाव अण्णाच ठेवलं. मग काय विचारता. "तुमचे अण्णा पाणवठ्यावर भांडले." "अण्णांनी आमचा कूड पाडला." चतुराबाई एकदा भर बाजारात मला म्हणाल्या, "मास्तर, अण्णा सकाळच्यापारी आमच्या गाईकडं येऊन गेले बरं का. लई उपकार झाले." माझे कान तापले. पण बरंही वाटलं. गेलेला माणूस रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी होता.

वही मी तेव्हापासून ठेवली. कुणाची गाय, कधी दाखवली, कधी व्याली, कालवड की गोऱ्हा, कालवडीचं पुढं काय झालं. गोत्रप्रवर लिहायची सवय, ती इथं कामी आली. एक्क्याऐंशी-ब्याऐंशीला पहिल्या लेकी वेतायला लागल्या आणि राधाकिशन डॉक्टर आज म्हणतात तो निकाल माझ्या वहीत उतरू लागला. त्रेचाळीस लेकी. एकही नापास नाही. मी तुम्हाला वही दाखवली होती. तुम्ही पानं चाळलीत आणि म्हणालात, "मास्तर, यातल्या एकीनं तरी दहा शेर दिलंय का?"

त्याच वर्षी संस्थेला संकरित गाई मिळायच्या होत्या. अट एकच होती, संस्थेच्या हद्दीत गावठी वळू शिल्लक नसल्याचा दाखला. बाकी सगळ्यांनी आपापल्या गोऱ्ह्यांना चिमटा लावून बैल करून घेतलं. राहिला एक.

आता अधिक महिन्याचं. ब्याऐंशीचा अधिक आश्विन. त्या साली पंचांगानं दोन अधिक महिने दिले आणि एक महिना गिळला; असं साल मी दुसरं पाहिलं नाही. तुम्ही आणि आक्का धोंड्याच्या जेवणाला आलात. घरात पुरण शिजत होतं. जावई म्हणजे नारायण, त्याला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ते दिलं. त्याच सकाळी आपल्या शेजारच्या बिभीषणाच्या बाजरीत अण्णा शिरले होते. बिभीषणानं त्यांना हाकत नेऊन कोंडवाड्यात घातलं आणि पंचायतीच्या शिपायाकरवी निरोप धाडला, मालकानं येऊन सोडवून न्यावं.

मी गेलो नाही. पाटावरून उठलोही नाही. तिथंच मांडीवर कागद घेतला आणि लिहून दिलं, 'सदर वळू शास्त्रोक्त उत्सर्ग केलेला असून त्यावर माझे कोणतेही स्वामित्व उरलेले नाही.' तारीख, सही. मग तुम्हाला मोठ्यानं वाचूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, "काय अक्षर हाय मास्तर. आणा इकडं, म्या जाता जाता पंचायतीत देतो." आणि चिठ्ठी घडी करून खिशात घातलीत. अनारशांचा डबा आक्कानं घेतला, चिठ्ठी तुम्ही घेतलीत.

पुढच्या आठवड्यात मी ऑक्टोबरच्या परीक्षेच्या कामाला बीडला गेलो होतो. चौथ्या दिवशी परत आलो तर अण्णा मारुतीच्या पारापाशी मागचे पाय फाकून उभे होते. मान खाली. शेजारी बिभीषण मातीत बसलेला. ज्याची बाजरी खाल्ली तोच माणूस त्यांना हळद लावत होता. मला बघून म्हणाला, "मास्तर, म्या कोंडवाड्यात घातला. ह्ये करा म्हनून न्हाई सांगितलं. चेअरमन म्हनले, मास्तरानीच लिहून दिलंय."

मी तसाच तुमच्या दारात आलो. तुम्ही पान लावत होतात. उठलाही नाहीत.

"कागद तुमचा, अक्षर तुमचं," तुम्ही म्हणालात. "मालक नाही म्हणून तुम्हीच लिहिलंत. बेवारस जनावराला चिमटा लावायला कुणाची सही लागते, मास्तर?"

आक्का आतल्या दारात उभी होती. त्या दिवसापासून भाऊबीजेला ती एकटी येते, ओवाळते, आणि आम्ही दोघं पावसापाण्याचं बोलतो. पाऊस तर नसतोच. तरी बोलतो.

माझ्या घरचं पुरण खाऊन, माझ्या बापाच्या नावाचा वळू माझ्याच चिठ्ठीनं तुम्ही बैल केलात. मी ही गोष्ट आजवर अनेकांना एवढीच सांगितली. ऐकणारा हळहळतो, मला अजून एक चहा मिळतो.

पण ती एवढीच नाही.

शास्त्र मी अर्धंच लिहिलं होतं. सोडलेल्या वळूला कोंडू नये, इजा करू नये, करणाऱ्याला दोष लागतो, हे पुढचं मला तोंडपाठ होतं. लिहिलं नाही. कारण ती चिठ्ठी शास्त्रासाठी नव्हतीच. कोंडवाड्याच्या दारात उभं राहून, चार माणसांसमोर, निरक्षर बिभीषणाला 'चुकलं बाबा, आमचा वळू' एवढं म्हणायची मला लाज वाटली. संस्कृतचा मास्तर मी. घरी जावई जेवायला बसलेला. म्हणून 'स्वामित्व' वगैरे शब्द काढले आणि त्यांच्या आड लपलो. बिभीषण विचारत होता, अण्णा तुमचेच ना? मी सहीनिशी लिहून दिलं, नाहीत.

दगा तुम्ही दिलात. यात मला कालही शंका नव्हती, आजही नाही. पण त्याला लागणारा कागद माझ्या घरातून गेला. हे वाचून माझा राग उतरला असं समजू नका. तो जिथल्या तिथं आहे. फक्त आता तो दोघांत वाटला जातो.

अण्णा आहेत अजून. बारा वर्षांचे झाले. मांडीवर त्रिशूळ म्हणून कुणी जुंपलं नाही. ते आपसूक माझ्या दारात येऊन राहिले. जो माझा नाही असं लिहून दिलं त्याला मी साडेचार वर्षं वैरण घालतोय. यंदा शाळेच्या छपराचं गवत उतरवलं तेव्हा हेडमास्तरांना मागून दोन भारे आणले.

आता ती दुसरी खोटी गोष्ट.

त्या साली दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे चिमटा लागून पंधरा दिवस झाले असतील, भामाबाई आपली गाय घेऊन माझ्या दारात आली. भामाबाई आपल्याच वाडीची लेक, शिरूर कासारकडं दिलेली. नवरा कचरू आणि ती दरसाल ऊस तोडायला जातात. जाण्याआधी गाय माहेरी बांधायला आली होती. गाय माजावर होती, अण्णांना दाखवायची म्हणाली. मी सांगितलं, बाई, आता उपयोग नाही, त्याला बैल केलाय. भामाबाईनं अण्णांकडं पाहिलं. ते गाईकडं पाहत होते.

"मास्तर," ती म्हणाली, "त्यो बैल झालाय ह्ये त्येला कुनी सांगितलंय का?"

आणि दावं सोडलं.

चिमटा लावल्यावर महिनाभर जनावर गाईंपासून दूर ठेवायचं असतं. आधीचं बीज अंगात शिल्लक असतं. हे मला राधाकिशन डॉक्टरांनी आत्ता सांगितलं. तुमच्या त्या वेळच्या माणसानंही तुम्हाला सांगितलं असेलच. पण तुम्हाला दाखल्याची घाई होती, आणि बेवारस वळूला बांधून कोण ठेवणार?

नऊ महिने नऊ दिवसांनी, आषाढ सरता सरता, कचरूच्या गाईला गोऱ्हा झाला. गडद लाल, डोळ्यांभोवती काजळ. भामाबाईनं त्याचं नाव शिल्लक ठेवलं. मी दरवर्षी एकदा शिरूर कासारला जातो ते तुमच्या कानावर असेल. माझी एखादी भानगड असावी असं आक्काला वाटतं, असं तिच्या बोलण्यावरून जाणवलं. तिला सांगा, भानगड चौपायी आहे. आता तो चौथं संपवतोय. कचरूला मी एवढंच मागितलं होतं की याला चिमटा लावू नको. त्यानं शब्द पाळला, तसाच गाडीला जुंपला. वहीत त्याचंही पान आहे. तिकडच्या सात कालवडी त्याच्या आहेत. निकाल लागायला अजून दोन वर्षं आहेत.

दाजी, ही गोष्ट मी तुम्हाला मरेपर्यंत सांगणार नव्हतो. तुमच्याशी जो काही सूड मला साधला तो एवढाच होता. तुम्ही अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसायचात आणि मी इथं मनात म्हणायचो, दाखला खोटा आहे.

पण तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी कचरूचं कार्ड आलं होतं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'शिल्लक आता मारायला लागलाय. मुकादम म्हणतो, चिमटा लावल्याबिगर गाडीला घेत न्हाई. माझी जोडी मोडली तर मला कोयत्याचं काम न्हाई. अमावस्या झाली की दवाखान्यात नेतो. तुमचं काय म्हणणं?'

काल दुपारी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. एक विचारतं, वळू आहे का. दुसरं विचारतं, ठेवू का. मी काहीच केलं नाही, फक्त गप्प राहिलो, तर अमावस्येनंतर वंश संपतो आणि तुम्ही कायमचे हरता. हा विचार मला बराच वेळ गोड लागत होता, खरं सांगतो. तेवढ्या गोडीत कालचं पत्र लिहून झालं. 'वळू आता नाही' असं लिहिलं आणि संध्याकाळी अण्णांना पाणी पाजायला गेलो. बादलीत तोंड घालताना ते दर वेळी आधी वर बघतात, माझ्याकडं. तेव्हा लक्षात आलं, मी पुन्हा तेच वाक्य लिहिलंय. माझा नाही, आता नाही. या वेळी तर खिशात घालायला तुम्हीही नव्हतात.

म्हणून हे.

वळू आहे. शिरूर कासारच्या अलीकडं, ओढ्याच्या कडेला कचरूचं घर आहे, कुणीही दाखवेल. पण तो तुमच्या संस्थेचा नाही आणि माझाही नाही. त्याला मालक आहे. तुम्ही स्वतः जायचं. सुग्रीवला पाठवू नका, जावक क्रमांक घालू नका. कचरूला पैसे नकोत, उसाच्या हंगामाआधी गाडीला बैल हवा. तुमच्या गोठ्यात खिलारी जोडी आहे, जिला तुम्ही पोळ्याला झूल घालून सगळ्यांच्या पुढं काढता. त्यातला उजवा बैल सोडून न्या. जोडी मोडेल. मोडू द्या. त्या बैलाशिवाय गेलात तर भामाबाई तुम्हाला ओसरीवर चढू देणार नाही, तिला मी ओळखतो.

कागद करा. यापुढं त्या वळूला कुठलाही चिमटा लागणार नाही, पाचही वाड्यांतल्या कुणाचीही गाय परत फिरवली जाणार नाही, असं त्यात लिहा. मजकूर हवा तर मी सांगतो, या वेळी पूर्ण सांगतो. आणि खाली मालकाची सही घ्या. कचरूला सही येते.

परतीच्या वाटेवर वळू घेऊन इथून जावं लागेल. वही माझ्याकडून घेऊन जा. ओट्यावर चढायला एकच वाट आहे आणि तिथं अण्णा उभे असतात. हटत नाहीत. त्यांच्या अंगाला अंग घासूनच यावं लागतं. मी हटवणार नाही.

अमावस्या पुढच्या बुधवारी आहे. हे पत्र पोस्टमनच्या हाती देतोय, आणि कचरूला वेगळं कार्ड टाकतोय की थांब, चेअरमन येतायत. तुम्ही आला नाहीत तर मला दुसऱ्यांदा खोटं ठरवाल, एवढंच. त्याची सवय आहे.

आक्काला आणा. पुरण मात्र शिजणार नाही, हरभऱ्याची डाळ संपली आहे. भाकरी आणि ठेचा आहे. नारायणाला चालत असेल तर यावं.

सोबत एक कागद जोडला आहे. माझी ती चिठ्ठी तुमच्या दप्तरात असेल. तुम्ही कागद फेकत नाही, मला माहीत आहे. हा तिच्यावर टाचा.

तुमचा,
अजून न निवळलेला मेहुणा,
गहिनीनाथ

———

(सोबतचा कागद)

वरची वाडी येथे माझ्या घराच्या दारात उभा असलेला, अंगाने लाल, डोळ्यांभोवती काळा, डाव्या मांडीवर त्रिशूळाचा डाग असलेला, वय बारा वर्षे, आता कोणत्याही उपयोगाचा नसलेला बैल माझा आहे. पूर्वीही माझाच होता. ब्याऐंशी साली बिभीषणाची बाजरी त्यानेच खाल्ली. त्याबद्दल मी बिभीषणाच्या घरी जाऊन आज सकाळी हात जोडले आहेत. यापुढे तो कुणाच्या शेतात शिरला तर निरोप मला पाठवावा. मी येईन.

हे मी पूर्ण शुद्धीत, कुणीही न विचारता, लिहून देत आहे.

मालकाची सही :
गहिनीनाथ बद्रीनाथ, अण्णांचा मुलगा